दुसऱ्यांच्या छपराखालचे विद्यापीठ

परंपरागत विद्यापीठाची ओळख त्याच्या आवारावरून होते. दगडी इमारत, ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा आणि ठरल्या वेळेला भरणारे वर्ग हे त्याचे वैभव असते. दूरशिक्षण देणाऱ्या विद्यापीठाजवळ विद्यार्थ्याच्या गावी यांतले काहीच नसते. त्याचा विद्यार्थी दिवसभर कारखान्यात, शेतात, दुकानात किंवा घरकामात गुंतलेला असतो. पुस्तक त्याच्यापर्यंत पोचवावे लागते. वर्ग भरतो तो सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्याच संस्थेच्या महाविद्यालयात. शिकवणारा बहुधा त्याच महाविद्यालयाचा पगारी प्राध्यापक असतो. आणि मिळालेल्या पदवीचे मोल ठरवतात ते नोकरी देणारे सरकार आणि कारखानदार. शासन, उद्योग व समाज यांच्याशी भागीदारी हा अशा विद्यापीठाचा जोडधंदा नसून त्याचा सांगाडाच असतो. त्यामुळे कोणत्या भागीदाराने त्याला कोणत्या दिशेला ओढले आणि त्या ओढाताणीत विद्यार्थ्याची गरज कितपत शाबूत राहिली, या प्रश्नावरच त्याची पारख व्हायला हवी. महाराष्ट्रात या प्रश्नाचा मुख्य संदर्भ म्हणजे १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ; आणि तो प्रश्न जमिनीवर उतरवून तपासण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील जयसिंगपूर हे गाव अनेक कारणांनी सोयीचे आहे.

जयसिंगपूर हे शिरोळ तालुक्यातील व्यापारी गाव. कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरचे हे ठिकाण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, रस्ते व पेठा आखून, बाजारपेठ म्हणून वसवले आणि त्याला आपले जनक वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. एका बाजूला इचलकरंजीचे यंत्रमाग, दुसऱ्या बाजूला कृष्णेपलीकडे सांगली–मिरजेची बाजारपेठ व दवाखाने, भोवताली उसाचे शिवार, शिरोळचा श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना, गावातली औद्योगिक वसाहत, महाविद्यालये आणि दर हंगामाच्या तोंडावर गाजणारी ऊस परिषद, अशा वस्तीत भांडवल, सत्ता आणि समाज एकमेकांपासून फार दूर राहत नाहीत. पतसंस्थेचा संचालक, शाळेच्या संस्थेचा विश्वस्त आणि कारखान्याचा सभासद ही अनेकदा एकाच माणसाची तीन नावे असतात.

परंपरा आधीची

या टापूत शिक्षण कधीच एकट्या शाळेच्या बळावर पसरलेले नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली, तेव्हा दरबाराची मदत आणि त्या त्या समाजातील पुढाऱ्यांचा पुढाकार यांची सांगड घातली गेली. आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करताना मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंडाची तरतूद झाली, म्हणजे शिक्षणाची जबाबदारी राज्य व पालक या दोघांवरही टाकली गेली. शेजारच्या हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ या योजनेने श्रम आणि शिक्षण यांचा मेळ घातला. काम करणारा माणूस विद्यार्थी असू शकतो, हे मुक्त विद्यापीठाचे पायाभूत गृहीत या भागाला १९८९च्या कितीतरी आधी परिचयाचे होते.

ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ ओळखले जाते त्या यशवंतराव चव्हाणांची स्वतःची वाटही याच परिसरातून गेली. देवराष्ट्रे या आताच्या सांगली जिल्ह्यातील गावी १९१३ साली जन्मलेल्या चव्हाणांनी स्वातंत्र्य चळवळीतल्या तुरुंगवासामुळे शिक्षणात पडलेल्या खंडानंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये पदवी घेतली. मुख्यमंत्री असताना, वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील मुलांना शुल्कमाफी देणारी सवलत त्यांनी लागू केली, आणि १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. शिक्षण घेता न येण्यामागे बुद्धीपेक्षा पैसा, अंतर आणि वेळ ही कारणे मोठी असतात, ही जाणीव त्या निर्णयांमागे होती. दूरशिक्षणाने या तिन्हींपैकी अंतर आणि वेळ यांवर थेट उपाय शोधला.

सत्तेच्या पोटी जन्म

दूरशिक्षणाची विद्यापीठे बहुतेक ठिकाणी राजकीय निर्णयातून जन्माला आली, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचा राजकारणाशी असलेला संबंध नीट कळत नाही. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये ग्लासगो येथील भाषणात ध्वनिलहरींवरच्या विद्यापीठाची कल्पना मांडली, जेनी ली या मंत्र्यांनी प्रशासनाचा विरोध पत्करून ती पुढे रेटली, १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. बीबीसी या प्रसारण संस्थेशी झालेली तिची भागीदारी इतकी घट्ट होती की, भल्या पहाटे आणि रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर लागणारी व्याख्याने हीच अनेक वर्षे तिची सार्वजनिक ओळख राहिली.

भारतात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. १९७४ मध्ये जी. पार्थसारथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची शिफारस केली, तरी पहिले पाऊल टाकले ते आंध्र प्रदेशाने, १९८२ मध्ये. त्यानंतर १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापन झाले. महाराष्ट्र विधिमंडळाने १९८९ चा विसावा अधिनियम संमत केल्यावर नाशिकचे विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी अस्तित्वात आले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद आधी सांभाळलेले डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि पुढे त्यांनी इग्नूचेही नेतृत्व केले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन निघालेल्या या विद्यापीठाने मराठीतून, स्वतः शिकता येईल अशा रीतीने पाठ्यपुस्तके लिहून घेण्यावर सुरुवातीपासून भर दिला. तज्ज्ञ लेखक, भाषा संपादक आणि रचनाकार यांनी मिळून तयार केलेली ही पुस्तके पुढे ज्यांनी तेथे कधी प्रवेश घेतला नाही अशा स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावरही दिसू लागली.

शासनाशी असलेले नाते मात्र स्थापनेवर संपत नाही. पदवी नोकरीसाठी ग्राह्य धरायची की नाही, हे शासन ठरवते. केंद्र सरकारने १ मार्च १९९५ च्या अधिसूचनेने मान्यताप्राप्त दूरशिक्षणातील पदव्या केंद्रीय नोकऱ्यांसाठी ग्राह्य ठरवल्या, तेव्हा लाखो विद्यार्थ्यांच्या कागदाला एका ओळीने किंमत आली. नियमनाचे काम आधी इग्नूच्या अंतर्गत असलेल्या दूरशिक्षण परिषदेकडे होते, ते २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले, आणि २०२० च्या नियमांनुसार परंपरागत विद्यापीठाला दूरशिक्षण चालवायचे असेल तर उच्च शिक्षणसंस्थांची पारख करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेच्या मूल्यांकनात चारपैकी किमान ३.०१ गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान आवश्यक ठरले. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची सर्वोच्च श्रेणी मिळाली, तिचे व्यावहारिक महत्त्व त्याच्या दूरशिक्षण केंद्रासाठी म्हणूनच मोठे होते.

राजकारण्यांचाही मुक्त विद्यापीठाशी वैयक्तिक संबंध येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांनंतर निवडणूक लढवणाऱ्या उमेदवाराला शपथपत्रात आपली शैक्षणिक पात्रता जाहीर करावी लागते, आणि ऐन तारुण्यात चळवळीत वा धंद्यात पडल्याने शिक्षण सुटलेल्या कार्यकर्त्याला मुक्त विद्यापीठाची कला शाखेची पदवी हा मार्ग मोकळा असतो. याकडे कुत्सितपणे पाहण्याची रीत आहे; परंतु बारावी न झालेल्या प्रौढाला ‘पूर्वतयारी’ हा प्रवेशपूर्व शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीच्या वर्गात येऊ देणे, हेच मुक्ततेचे सूत्र असेल, तर ते सूत्र सरपंचाला आणि त्याच्या गावातील शिवणकाम करणाऱ्या बाईला सारखेच लागू व्हायला हवे. या दोघांची परीक्षा एकाच कडकपणे घेतली जाते की नाही, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

अभ्यासकेंद्राचा व्यवहार

भागीदारीचा रोजचा चेहरा म्हणजे अभ्यासकेंद्र. विद्यापीठ एखाद्या महाविद्यालयाला वा संस्थेला ही मान्यता देते. ती संस्था आपल्या खोल्या, ग्रंथालय आणि मनुष्यबळ उपलब्ध करते. तिचाच एक प्राध्यापक केंद्र संयोजक होतो, आणि विषय शिकवणाऱ्याला ‘समंत्रक’ म्हणतात, कारण त्याने व्याख्यान देण्यापेक्षा, घरी वाचून आलेल्या विद्यार्थ्याच्या अडचणी सोडवणे अपेक्षित असते. विद्यार्थ्याने भरलेल्या शुल्कातील ठरलेला वाटा केंद्राकडे जातो. या एका व्यवस्थेमुळे तालुक्याच्या गावी नवी वीट न रचता विद्यापीठ पोचले, आणि आठवडाभर वापरात असलेली इमारत रविवारी दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडली.

याच व्यवस्थेतून तिचे दुखणेही निघते. केंद्र चालवणाऱ्या संस्थेला विद्यार्थ्यांची संख्या वाढली की उत्पन्न वाढते, पण समंत्रण नीट झाले तर ते वाढतेच असे नाही. विद्यार्थ्याची उपस्थिती बहुधा ऐच्छिक असल्याने तो येत नाही, तो येत नाही म्हणून समंत्रक तयारी करत नाही, आणि अखेरीस अभ्यासकेंद्र हे प्रवेशअर्ज घेणे, पुस्तके वाटणे आणि परीक्षा भरवणे एवढ्यापुरते उरते. दूरशिक्षणाविषयी समाजात जो संशय आढळतो त्याचे मूळ पद्धतीत कमी आणि या अर्थकारणात अधिक आहे.

धंद्याशी करार

उद्योगाशी भागीदारीचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, जिला लोक एमकेसीएल म्हणून ओळखतात. उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत राज्यातील विद्यापीठांचेही भागभांडवल आहे. एमएस-सीआयटी हा तिचा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावच्या खासगी संगणक केंद्रांतून चालला: केंद्रचालकाने जागा व यंत्रे आणायची, कंपनीने शिक्षणसाहित्य व ऑनलाइन व्यवस्था पुरवायची, परीक्षा शासनाच्या मंडळाने घ्यायची, आणि शासकीय नोकरीसाठी संगणक ज्ञानाचे प्रमाणपत्र बंधनकारक ठरल्याने विद्यार्थ्यांचा ओघ आपोआप सुरू व्हायचा. तालुक्याच्या गावातील असंख्य तरुणांनी पहिल्यांदा माउस हातात धरला तो अशाच गाळ्यांत. पण मुदतीत हे प्रमाणपत्र न मिळवलेल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढीचा वाद पुढे बराच काळ रेंगाळला, आणि सक्तीतून आलेल्या विद्यार्थ्याला शिकण्यापेक्षा कागदाची घाई अधिक असते, हेही त्यातून दिसले.

शेतीच्या धंद्यात याला समांतर असा एक अभ्यासक्रम आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ मध्ये खते, बियाणे व औषधे विकणाऱ्या दुकानदारांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. ४८ आठवड्यांत ४० वर्गसत्रे आणि ८ शिवारभेटी अशी तिची रचना असून वर्ग आठवड्यातून एकदाच, दुकान बंद असण्याच्या दिवशी भरतो. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी वा संबंधित शिक्षणाची अट केंद्राने नियमांत घातल्यावर तिला मागणी आली. शिरोळसारख्या तालुक्यात शेतकऱ्याला फवारणीचा सल्ला सर्वप्रथम देतो तो कृषी सहायक नव्हे, तर दुकानाच्या गल्ल्यामागचा माणूस; त्याला रोगाचे लक्षण ओळखता आले तर त्याचा लाभ प्रत्येक गिऱ्हाइकाला होतो. त्याच वेळी, औषध विकणाऱ्याचे शिक्षण औषध बनवणाऱ्याच्या पैशातून होणार असेल, तर ‘फवारणीची गरज नाही’ हे वाक्य अभ्यासक्रमात टिकेल काय, ही शंका घेण्यास जागा राहते. मुक्त विद्यापीठाच्या कृषिविज्ञान विद्याशाखेने भाजीपाला, फळबाग, फुलशेती यांचे छोटे शिक्षणक्रम उभे केले, आणि नाशिकला कृषी विज्ञान केंद्रही चालवले, त्यांचे महत्त्व या शंकेच्या संदर्भात कळते: शिकवणाऱ्याला काही विकायचे नसते.

उद्योगाशी संबंधात एक कायदेशीर कुंपणही आहे. जयसिंगपूरची औद्योगिक वसाहत, यड्राव, इचलकरंजी आणि पलीकडे कोल्हापूरचे फाउंड्री उद्योग यांत काम करणाऱ्या आयटीआय शिकलेल्या कामगाराला, नोकरी न सोडता अभियांत्रिकीची पदवी मिळावी, ही स्वाभाविक इच्छा असते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यतेविना दूरशिक्षणातून दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर कठोर भूमिका घेतली, आणि प्रात्यक्षिकावर उभ्या असलेल्या ज्ञानशाखा पत्राने शिकवता येत नाहीत हे तत्त्व पक्के झाले. यातून निघणारा अर्थ असा की, यंत्र जेथे आहे तो कारखानाच प्रयोगशाळा व्हायला हवा. कामगाराने यंत्रावर केलेल्या कामाचे मूल्यमापन करून त्याला श्रेयांक, म्हणजे अभ्यासाच्या तासांवर आधारलेली गुणमोजणीची एकके, देण्याची व्यवस्था असेल तरच उद्योगाची भागीदारी खरी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सुरू झालेल्या श्रेयांक पेढीमुळे, निरनिराळ्या संस्थांत कमावलेले श्रेयांक एका खात्यात साठवण्याची सोय झाली आहे, आणि तिचा सर्वाधिक उपयोग अशाच तुकड्यातुकड्यांनी शिकणाऱ्याला होऊ शकतो.

समाजाने केलेला वापर

समाज या तिसऱ्या भागीदाराजवळ करारपत्र नसते. तो विद्यापीठ वापरून त्याचा अर्थ बदलतो. सेवेत असलेल्या प्राथमिक शिक्षकांनी बी.एड. आणि शालेय व्यवस्थापन पदविका यांचा उपयोग बढतीसाठी केला, लग्नामुळे शिक्षण थांबलेल्या स्त्रियांनी मुले शाळेत जाऊ लागल्यावर पदवी घेतली, आणि नाशिकरोड, नागपूर यांसारख्या मध्यवर्ती कारागृहांत बंद्यांसाठी अभ्यासकेंद्रे चालली, जेथे शिक्षण पूर्ण करणाऱ्यास शिक्षेत विशेष माफी मिळण्याची तरतूद आहे. यांतील कोणत्याही गटाने अभ्यासक्रम काय असावा हे ठरवलेले नाही. शासनाला पात्रतेच्या अटीतून आणि उद्योगाला कौशल्याच्या मागणीतून बोलता येते. समाजाचे म्हणणे मात्र प्रवेशाच्या आकड्यांतूनच ताडून घ्यावे लागते.

ही उणीव शिरोळ तालुक्यात दोन विषयांवरून स्पष्ट करता येते. पहिला विषय जमिनीचा. नदीकाठच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या उसाला पाटाने पाणी देत राहिल्याने पाण्याची पातळी वर आली, क्षार पृष्ठभागावर साचले आणि हजारो एकर शिवार नापीक झाले. दत्त कारखान्याने पुढाकार घेऊन राबवलेल्या क्षारपड जमीन सुधारणेची पद्धत अशी: शेताखाली ठरावीक खोलीवर सच्छिद्र नळ्या अंथरायच्या, त्यांतून झिरपलेले खारे पाणी मोठ्या वाहिनीत घ्यायचे आणि ती वाहिनी नाल्याला नेऊन सोडायची. एका शेतकऱ्याला हे एकट्याने जमत नाही, कारण पाणी बाहेर काढायचे तर नळी शेजाऱ्यांच्या बांधाखालून न्यावी लागते. म्हणून गट, कर्ज, उतार मोजणारा तंत्रज्ञ आणि माती तपासणी या सर्वांची एकाच वेळी गरज पडते. अहवालातील विद्युत वाहकता हा क्षारांचा आकडा आणि सामू हा आम्ल-विम्लतेचा आकडा वाचता आला, तर जमीन नुसती क्षारयुक्त आहे की चोपण, म्हणजे सोडियमने घट्ट झालेली आहे, हे कळते. चोपण जमिनीला निचऱ्याबरोबर जिप्समही लागते. जमीनशास्त्र, सहकार कायदा आणि बँकव्यवहार यांचे हे मिश्रण कोणत्याही एका विद्याशाखेत बसत नाही, आणि नेमक्या अशाच ज्ञानासाठी दूरशिक्षणाची लवचीक रचना जन्माला आलेली आहे.

दुसरा विषय उसाच्या दराचा. स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या ऊस परिषदेमुळे जयसिंगपूरचे नाव राज्यभर दराच्या आंदोलनाशी जोडले गेले. या वादाच्या मुळाशी असलेला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, हा हिशेबाचा विषय आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये असा दर जाहीर झाला. उतारा १२.२५ टक्के धरला, तर वीस टप्प्यांचे ६९.२० रुपये मिळवून क्विंटलला ४२४.२० रुपये, म्हणजे टनाला ४,२४२ रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक खर्च वजा झाल्यावर उरते ते शेतकऱ्याच्या खात्यावर, आणि ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते चौदा दिवसांत जमा व्हावे लागते, उशीर झाल्यास १५ टक्के व्याजासह. ही आकडेमोड सभासदाला स्वतः करता आली, उतारा कोणत्या हंगामाचा धरला हे ताळेबंदातून शोधता आले, तर कारखान्याच्या वार्षिक सभेतील त्याचा प्रश्न वेगळ्या दर्जाचा होईल. सहकारी ताळेबंद वाचण्याचा असा शिक्षणक्रम कारखाना आणि शेतकरी संघटना या परस्परविरोधी पक्षांच्या सहभागाने तयार करणे अवघड आहे. पण दोन्ही पक्षांना मान्य होईल असा तिसरा परीक्षक म्हणून विद्यापीठाखेरीज दुसरी संस्था डोळ्यांसमोर येत नाही.

वाटा कोणाचा, निर्णय कोणाचा

गेल्या तीन दशकांच्या अनुभवातून काही निष्कर्ष काढता येतात. शासन भागीदार असेल तेव्हा विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात, पण ते प्रमाणपत्रासाठी येतात. म्हणून सक्तीचा आदेश काढण्याआधी शिकवण्याची क्षमता आहे काय, हे पाहिले गेले पाहिजे. उद्योग भागीदार असेल तेव्हा शिक्षण हाताला काम देते, पण ते त्या उद्योगाच्या गरजेपुरते आखूड होण्याचा धोका असतो. म्हणून करारातून तयार झालेला शिक्षणक्रम त्या कंपनीच्या कामगारांबाहेरच्या माणसालाही खुला राहिला पाहिजे आणि त्याचे श्रेयांक अन्यत्र चालले पाहिजेत. समाज भागीदार असल्याचे भाषणांतून सांगितले जाते, पण अभ्यासक्रम ठरवणाऱ्या टेबलावर त्याची खुर्ची बहुधा रिकामी असते.

जयसिंगपूरच्या परिसरात या तिन्ही भागीदारांची कमतरता नाही. तेथे कारखाना आहे, बँका आहेत, महाविद्यालयांच्या इमारती आहेत, कोल्हापूरला विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठाचे विभागीय केंद्र आहे, आणि संघटित शेतकरीही आहे. प्रश्न कामांच्या वाटणीचा आहे. निचऱ्याच्या शिक्षणक्रमाचा खर्च कारखान्याने व बँकेने उचलावा, कारण सुधारलेल्या जमिनीतून ऊस आणि कर्जवसुली त्यांनाच मिळणार आहे; परीक्षा विद्यापीठाने घ्यावी, कारण त्याला निकालात काही राखायचे नाही; आणि काय शिकायचे हे ज्यांची जमीन पांढरी पडली आहे त्या शेतकऱ्यांच्या गटाने ठरवावे. खर्च करणाऱ्याच्या हाती परीक्षा गेली किंवा परीक्षा घेणाऱ्याने विषय ठरवला, की भागीदारीचे कागद शाबूत राहतात आणि विद्यार्थी पुन्हा नुसता प्रवेशक्रमांक होतो.